सिएना पहिल्यांदा पाहताना: कुठून शिरावं, काय आधी बघावं?

चालती_वाट (मूळ प्रश्न)

जूनच्या अखेरीस इटलीत फ्लॉरेन्सहून सिएनाला जायचं आहे. २८ जूनला सकाळी पोचायचं, एक रात्र राहायचं आणि २९ ला रात्री परत, असा बेत आहे. चौघं आहोत. त्यातल्या दोघांनी सत्तरी ओलांडली आहे. चालणं व्यवस्थित आहे, पण चढ लागला की थांबत थांबत. दोघं शाकाहारी, अंडं चालतं.

विचारायचं असं:
१. रेल्वेने जावं की बसने? भाड्याची गाडी घेऊन गेलं तर?
२. काम्पो हा मोठा चौक पहिल्यांदा कुठून बघावा? सगळे म्हणतात की पहिलं दर्शनच महत्त्वाचं.
३. दुओमो (मुख्य चर्च), मनोरा, पालात्सो पुब्लिको (नगरभवन) हे सगळं दोन दिवसांत बसतं का, की काही गाळावं?
४. पालिओ ही घोड्यांची शर्यत २ जुलैला असते असं वाचलं. आम्ही त्याआधीच निघणार. तयारीचा त्रास होईल की फायदा?

---

सोंडेवरून

आधी शहराची ठेवण समजून घ्या, म्हणजे बाकीची निम्मी उत्तरं आपोआप मिळतील. सिएना सपाट नकाशावर बघितलं की हमखास फसगत होते. डोंगराच्या तीन सोंडा एका ठिकाणी येऊन मिळतात आणि शहर त्या सोंडांच्या माथ्यावर वसलेलं आहे. म्हणून शहराचे भागही तीनच: उत्तरेला कामोलिआ, आग्नेयेला सान मार्तीनो, नैर्ऋत्येला चित्ता. त्यांना म्हणतातच तेर्त्सी, म्हणजे एक-तृतीयांश हिस्से. प्रत्येक सोंडेच्या माथ्यावरून एक मुख्य रस्ता येतो. उत्तरेकडून वीआ दी कामोलिआ, वीआ देइ मोंतानीनी आणि बांकी दी सोप्रा असा एकच रस्ता नावं बदलत येतो. आग्नेयेकडून पोर्ता रोमाना या वेशीपासून वीआ रोमा, वीआ दी पांतानेतो आणि बांकी दी सोत्तो. तिसरा वीआ दी चित्ता. तिन्ही जिथे भेटतात त्या तिठ्याला क्रोचे देल त्रावाल्यो म्हणतात. आणि तिथल्याच खालच्या खळग्यात काम्पो आहे.

यातून निघणारा नियम सोपा आहे. सोंडेच्या माथ्यावरून चाललात तर चढ-उतार बेताचे असतात. एका सोंडेवरून दुसरीवर नाकासमोर जायला गेलात की आधी घळीत उतरायचं आणि मग तेवढंच वर चढायचं. मोबाइलमधला नकाशा नेमकं हेच करायला लावतो, कारण तो अंतर बघतो, चढ बघत नाही. सान दोमेनिकोचं चर्च आणि दुओमो हे याचं ठळक उदाहरण. एकीकडून दुसरं समोर दिसतं, हात लांबवला तर लागेल असं वाटतं. मध्ये फोंतेब्रांदाची घळ आहे. वयस्कर माणसं सोबत असतील तर तिठ्यावरून वळसा घालून जा. अंतर वाढतं, पण दम लागत नाही.

आता प्रवास. रेल्वे एम्पोलीमार्गे जाते आणि साधारण दीड तास लागतो. काही गाड्या थेट आहेत, काहींना एम्पोलीला बदल आहे, तेवढं तिकीट काढताना बघून घ्या. छापील प्रादेशिक तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून मगच गाडीत चढायचं. मोबाइलवरचं असेल तर गाडी सुटण्याआधी त्यावर चेक-इन करावं लागतं. तिकीट खरेदी केलं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांनाच दंड होतो.

रेल्वेची खरी अडचण सिएनात उतरल्यावर सुरू होते. स्थानक खाली, शहर वर. स्थानकासमोर पोर्ता सिएना नावाचं खरेदी संकुल आहे, त्यातून सरकत्या जिन्यांची लांबलचक मालिका वर जाते आणि जुन्या शहराच्या उत्तर वेशीच्या बाहेर सोडते. तिथून काम्पोपर्यंत वीसेक मिनिटं चाल. जिन्यांमधला एखादा टप्पा बंद असला तर तो चढूनच जावा लागतो. सामान असेल तर स्थानकावरून शहरबस किंवा टॅक्सी घ्या.

बसचं म्हणाल तर फ्लॉरेन्सहून 'रापिदा' लिहिलेली १३१ क्रमांकाची बस बघा. सव्वा तासाच्या आसपास घेते आणि पिआत्सा ग्राम्शीपाशी सोडते, म्हणजे वर, सोंडेच्या माथ्यावरच. तुमच्यासोबतच्या दोघांसाठी हा एकच मुद्दा निर्णायक आहे. याच मार्गावर 'ओर्दिनारिआ'ही धावते. ती गावागावांत थांबते, तिच्यात चढू नका. रविवारी आणि सुटीच्या दिवशी फेऱ्या बऱ्याच कमी होतात. २८ तारीख रविवारी येत असेल तर परतीचंही वेळापत्रक आधी बघा.

---

वेशीबाहेर

भाड्याच्या गाडीबद्दल: सिएनाने जुन्या शहरातून मोटारी १९६० च्या दशकातच बाहेर काढल्या. इटलीत हे करणाऱ्या अगदी पहिल्या शहरांपैकी ते एक. आता तटबंदीच्या आत झेड-टी-एल आहे, म्हणजे परवान्याशिवाय वाहनबंदी. वेशींवर कॅमेरे आहेत, माणूस थांबवत नाही. तुम्ही आत शिरता, काही घडल्यासारखं वाटत नाही, आणि काही महिन्यांनी दंडाचं पत्र येतं. दर वेळी आत गेलात की वेगळा दंड. वर गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचं शुल्क कार्डावरून कापते, ते वेगळंच.

हॉटेल आत असेल तर गाडीचा क्रमांक त्यांना आधी देऊन सामान उतरवण्यापुरती परवानगी मिळते का ते विचारा. नाहीतर सांता कातेरीना वाहनतळ घ्या. तो फोंतेब्रांदाच्या घळीत आहे आणि तिथून सरकते जिने थेट दुओमोच्या मागच्या अंगाला, वाल्लेपिआत्ताकडे नेतात. सान फ्रांचेस्को चर्चच्या बाजूलाही असेच जिने आहेत. इटलीत आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, हेही विसरू नका.

पण फक्त सिएनासाठी गाडी घेऊच नका. भोवतालची खेडी बघायची असतील तरच तिचा उपयोग.

---

विटांचा_रंग

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण त्यावर खरंच बरंच अवलंबून आहे.

काम्पोमध्ये अकरा वाटा उतरतात. खालच्या बाजूने, म्हणजे वीआ दी सालिकोत्तोकडून आलात तर तुम्ही पालात्सो पुब्लिकोच्या अंगाखालून चौकात येता आणि इमारत दिसतच नाही. वरच्या काठावरून आलं पाहिजे. तिठ्यावरून वीआ दी चित्ताला लागा, डावीकडे कोस्तारेल्ला देइ बार्बिएरी नावाची उताराची छोटी गल्ली लागेल. वीआ दी चित्तावर दोन्ही बाजूंना उंच वाडे आहेत, आभाळाची नुसती पट्टी दिसते. त्या अंधाऱ्या बोळातून चार पावलं उतरलात की समोर सगळं मोकळं. शिंपल्याच्या आकाराची जमीन तुमच्या पायापासून खाली घसरत जाते आणि तळाशी मनोरा उभा.

तोर्रे देल मांजा हा मनोरा १३२५ ते १३४८ या काळात बांधला. उंची ८७ मीटर, वरच्या वीजरोधक दांडीसकट १०२. तो इतका उंच का, हे याच जागेवरून कळतं: पाया शहराच्या खळग्यात आहे. दुओमोचा घंटामनोरा टेकडीवर आहे, त्याच्या बरोबरीला यायचं तर खळग्यातून तेवढं वर यावं लागणार. नगरसत्ता आणि धर्मसत्ता यांची डोकी एका पातळीत असावीत म्हणून असं केलं, असं तिथे सांगतात.

पायाखालीही बघा. लाल विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या आहेत आणि त्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या दगडी रेघा चौकाचे नऊ भाग करतात. १२८७ ते १३५५ या काळात शहरावर 'नऊ जणांचं' मंडळ राज्य करत होतं, त्यांची ही खूण. सगळ्या रेघा पालात्सोसमोरच्या गटाराच्या तोंडाशी जुळतात. पावसाचं पाणी तिथे जातं. पहिल्या दिवशी पाऊस आला तर आडोशाला थांबून पाणी कसं वाहतं ते जरूर बघा, चौकाची रचना त्यात उलगडते.

आणखी एक. काम्पोकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या कशा असाव्यात, याचा नियम शहराने १२९७ मध्येच केला होता: मध्ये बारीक खांब असलेली जोडखिडकी. चौक एकसंध दिसतो तो योगायोगाने नाही. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी समोरच्या घरमालकालाही नियम लावला म्हणून.

फोंते गाया हे वरच्या काठावरचं कारंजं मात्र प्रतिकृती आहे. शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चाने १४१९ मध्ये पूर्ण केलेले मूळ संगमरवरी भाग दुओमोसमोरच्या सांता मारिआ देल्ला स्काला या संग्रहालयात आहेत. तिथे ते हाताच्या अंतरावरून दिसतात. झिजलेले आहेत, पण जरूर बघा.

---

रेतीचा_कडा

वरचा प्रतिसाद बाकी दिवसांसाठी अगदी बरोबर आहे, पण तारीख बघा: २८ जून. त्या सुमारास काम्पोच्या कडेने मातीचा थर टाकलेला असतो आणि वाड्यांना टेकून लाकडी पायऱ्यांचे मांडव उभे असतात. शिंपल्याचा मधला विटांचा भाग उघडा राहतो, पण भोवतीच्या फरसबंदीवर पिवळट माती. तिला तिथे 'तुफो' म्हणतात. छायाचित्रातला मोकळा चौक डोक्यात घेऊन गेलात तर निराश व्हाल. तसं होऊ नये म्हणून हे आधीच सांगतो, कारण जे दिसतं ते जास्त खरं आहे. हा चौक ज्या कामासाठी सिएनाकर वर्षभर जपतात, ते काम तुम्हाला बघायला मिळणार.

२९ जूनला सकाळी घोड्यांचं वाटप होतं, त्याला 'त्रात्ता' म्हणतात. शहरात १७ कोंत्रादे आहेत. कोंत्रादा म्हणजे मोहल्ला, पण स्वतःचं चर्च, संग्रहालय, कारंजं, झेंडा, सगळं असलेला. एका शर्यतीत १० च धावतात. कुणाला कोणता घोडा, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि चांगला घोडा मिळाला की चौकातच माणसं रडतात, धावतात, घोड्याला मिरवत नेतात. त्याच संध्याकाळी पहिली सराव शर्यत असते. एकूण सहा सराव: २९ ला संध्याकाळी, ३० आणि १ तारखेला सकाळ-संध्याकाळ, आणि २ ला सकाळी.

तुम्ही २९ ला रात्री परतणार म्हणजे पहिला सराव गाठता येतो. मधल्या भागात उभं राहून बघायला पैसे लागत नाहीत. साधारण पावणेआठच्या आसपास सुरू होतो. तासभर आधी जा. परतीची बस मात्र त्या हिशोबाने निवडा. सराव लांबला आणि शेवटची बस गेली, असं होऊ शकतं. ते नको असेल तर रात्र २९ ची करा आणि ३० ला सकाळी परता.

---

चालती_वाट

खूप आभार. मातीचं अजिबात माहीत नव्हतं. मग ज्येष्ठांना घेऊन मधल्या भागात उभं राहणं ठीक आहे का? आणि बेत वाढवून २ जुलैपर्यंत थांबलो तर मुख्य शर्यतही तशीच बघता येईल का?

---

रेतीचा_कडा

सरावाला ठीक आहे, मुख्य शर्यतीला अजिबात नाही. सरावाला गर्दी असते पण मधल्या मोकळ्या भागात सावरून उभं राहता येतं आणि संपल्यावर लगेच बाहेर पडता येतं. त्यातही वाड्यांच्या बाजूला कोंत्रादांची पोरं रांगेने गाणी म्हणत येतात, त्यांच्या वाटेत थांबू नका. फोंते गायाच्या जवळ, वरच्या बाजूला उभे राहा. तिथून खालचा सगळा फेरा दिसतो.

मुख्य शर्यतीला मधल्या भागात प्रवेश फुकट असला तरी तो टप्प्याटप्प्याने बंद केला जातो. एकदा आत गेलात की शर्यत संपेपर्यंत बाहेर येता येत नाही. आत स्वच्छतागृह नाही, बसायला जागा नाही, सावली नाही. आधी ऐतिहासिक पोशाखातली मिरवणूक जवळजवळ दोन तास चालते. मग घोडे दोराशी उभे करण्याचा प्रकार. नऊ घोडे ठरलेल्या क्रमाने दोरांमध्ये उभे राहतात आणि दहावा मागून धावत येतो तेव्हाच दोर पडतो. तो दहावा स्वार प्रतिस्पर्ध्याची जागा बिघडेपर्यंत मुद्दाम थांबून राहतो, त्यामुळे सुरुवातीलाच तास जाऊ शकतो. शर्यत स्वतः तीन फेऱ्यांची, दीड मिनिटाच्या आत संपते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पाच-सहा तास जुलैच्या उन्हात असं उभं करू नये. मांडवातल्या किंवा खिडकीतल्या जागा विकत मिळतात, पण महाग आणि फार आधी ठरवाव्या लागतात.

एक शिष्टाचार. दुकानात कोंत्रादांचे रंगीत रुमाल मिळतात. आवडला म्हणून गळ्यात घालून फिरू नका, विशेषतः या दिवसांत. तार्तूका म्हणजे कासव आणि क्योच्चोला म्हणजे गोगलगाय ही शेजारशेजारची वैरी कोंत्रादे आहेत. तोर्रे आणि ओंदा तशीच. एकाचा रुमाल घालून दुसऱ्याच्या गल्लीत जाणं त्यांना खरोखर बोचतं. रुमाल पिशवीत ठेवा.

मोहल्ल्यांच्या हद्दी ओळखायच्या असतील तर कोपऱ्यावरच्या भिंतीकडे बघा. हाताच्या पंजाएवढी चिनीमातीची पाटी असते, तिच्यावर प्राण्याचं चिन्ह. या हद्दी १७२९ मध्ये राज्यपाल व्हायोलांते हिने ठरवून दिल्या, त्या आजही पाळल्या जातात. चार पावलांवर चिन्ह बदलतं. पहिल्या फेरफटक्यात एवढं एकच काम केलं तरी शहर कळायला लागतं.

---

काळा_पांढरा

दुओमोबद्दल. तुमच्या तारखा फरशीसाठी फार चांगल्या आहेत. दुओमोच्या जमिनीवर संगमरवराची ५६ चित्रं आहेत, १४ व्या शतकापासून पुढे कित्येक पिढ्यांनी केलेली. वर्षातला बराच काळ त्यांतली बरीचशी संरक्षक फळ्यांखाली झाकलेली असतात. अलीकडच्या वर्षांत उन्हाळ्यात जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत आणि पुन्हा ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती उघडली जातात. तारखा दर वर्षी जाहीर होतात, तुमच्या वर्षाच्या तपासून घ्या. उघडी असताना तिकीट थोडं महाग असतं. ते द्यावं.

तिकीट 'ओपा सी' पास घ्या. त्यात दुओमो, पिक्कोलोमिनी ग्रंथालय, संग्रहालय, फाच्चातोने, तळघर आणि बाप्तिस्मागृह येतं आणि तो लागोपाठ तीन दिवस चालतो, त्यामुळे सगळं एकाच दिवशी रेटायची गरज नाही. तिकीटखिडकी दुओमोच्या दारात नाही, चौकात वेगळी आहे. दाराच्या रांगेत अर्धा तास उभं राहून परत फिरणारे लोक रोज दिसतात. ऑनलाइन काढलेलं बरं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

आत गेल्यावर मान वर करायच्या आधी खाली घाला. मुख्य दारातून मधल्या वाटेने सरळ चालत गेलात तर पहिलं चित्र हर्मीस त्रिस्मेजिस्तसचं, १४८८ चं. ख्रिस्ती देवळाच्या उंबऱ्याशी इजिप्तशी जोडलेला ज्ञानी पुरुष. मग पिल्लांना पाजणारी लांडगीण, हे सिएनाचं चिन्ह, भोवती इतर शहरांचे प्राणी. पुढे चित्रकार पिंतुरिक्योने १५०५ मध्ये रेखाटलेली ज्ञानाची टेकडी. खडकाळ, अवघड चढ चढणारी माणसं आणि माथ्यावर बसलेलं ज्ञान. सिएनात दिवसभर चढ चढल्यावर ते चित्र नीट कळतं. हाच पिंतुरिक्यो डावीकडच्या पिक्कोलोमिनी ग्रंथालयाच्या भिंतींवर आहे. तिथले रंग पाचशे वर्षांनंतरही इतके ताजे आहेत की डोळे दिपतात.

निकोला पिसानोचा १२६० च्या दशकातला व्यासपीठ-मंच आणि पिक्कोलोमिनी वेदीवरचे मिकेलान्जेलोचे तरुणपणीचे चार पुतळे, एवढं आत चुकवू नका.

फाच्चातोने म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही म्हणून सांगतो. १३३९ मध्ये शहराने ठरवलं की सध्याचा दुओमो नव्या, प्रचंड दुओमोची नुसती आडवी बाजू व्हावी. काम सुरू झालं. १३४८ मध्ये प्लेग आला, बांधकामात दोषही सापडले, आणि सगळं थांबलं. तेव्हा उभी राहिलेली समोरची भिंत म्हणजे फाच्चातोने. आता तिच्या पोटातला अरुंद गोल जिना चढून माथ्यावर जाता येतं. मनोऱ्यापेक्षा पायऱ्या कितीतरी कमी आणि काम्पो वरून पूर्ण दिसतो. एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, त्यामुळे उन्हात रांग लागते. सकाळी पहिल्यांदा तिथेच जा.

संग्रहालयात चित्रकार दुच्चोची 'माएस्ता' आहे, म्हणजे सिंहासनावर बसलेल्या मेरीचं चित्र. १३११ च्या जूनमध्ये ती त्याच्या कार्यशाळेतून दुओमोपर्यंत शहराने मिरवत आणली. कार्यशाळा होती वीआ दी स्तालोरेजीत. तिथे आज पाटी आहे, तो रस्ता चालायला सुखाचा आणि गर्दीविना आहे.

बाप्तिस्मागृहाकडे जाताना दुओमोच्या बाजूने उंच पायऱ्या उतराव्या लागतात. ते मुख्य वेदीच्या बरोबर खाली आहे. टेकडी तिथे संपते म्हणून देवळाच्या टोकाला आधार द्यायला खालचा मजला बांधला, त्यात ते आहे. पायऱ्या नको असतील तर ते शेवटी ठेवा आणि काम्पोकडे जाताना वीआ देइ पेल्लेग्रिनीवरून गाठा.

---

सोंडेवरून

मनोऱ्याबद्दल थोडं: चारशेच्या आसपास पायऱ्या, काही ठिकाणी एकच माणूस मावेल एवढी वाट, लिफ्ट नाही. पिशव्या खाली ठेवाव्या लागतात. पाऊस आला की बंद. तुमच्यातल्या दोघांना नको. तरुण दोघं चढतील तोवर ज्येष्ठांनी पालात्सो पुब्लिकोमधल्या संग्रहालयात बसावं. दोन्हींची दारं एकाच अंगणात आहेत. पालिओच्या दिवसांत वेळा बदलतात, आदल्या दिवशी दारावरची पाटी बघा.

---

भिंतीवरचं_गाव

पालात्सो पुब्लिको गाळू नका, ही विनंती. बरेच लोक मनोरा चढून निघून जातात आणि खाली नऊ जणांच्या सभागृहात आम्ब्रोजो लोरेंत्सेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेला चांगल्या आणि वाईट राजवटीच्या भित्तिचित्रांचा पट न बघता परततात.

तो बघायची रीत आहे. खोलीला एकाच भिंतीत खिडकी आहे, दक्षिणेला. खिडकीकडे पाठ करून उभे राहा. समोरच्या आखूड भिंतीवर चांगल्या राजवटीचं रूपक: दाढीवाला म्हातारा राजपुरुष सिएनाच्या काळ्या-पांढऱ्या रंगांत, आणि न्यायाच्या तराजूपासून निघालेली दोरी नागरिकांच्या हातातून त्याच्यापर्यंत जाते. ही दोरी शोधा, ती सापडली की चित्र वाचता येतं. डावीकडे वाईट राजवट, शिंगं असलेला जुलमी, खाली बांधलेला न्याय. ही भिंत फार खराब झालेली आहे. उजवीकडची लांब भिंत म्हणजे चांगल्या राजवटीत शहर आणि खेडी कशी दिसतात ते. छपरावर गवंडी काम करताहेत, दुकानात जोडे टांगलेत, शिक्षक शिकवतोय, रस्त्यात नाच चाललाय. वर डाव्या कोपऱ्यात दुओमोचा पट्ट्यापट्ट्यांचा मनोरा. वेशीबाहेर शेतं, द्राक्षमळे, गाढवावरून माल घेऊन शहराकडे चढणारी माणसं.

हे बघून झाल्यावर वरच्या मजल्यावर मागच्या बाजूचा सज्जा आहे, तिथे जा. समोर खरी टस्कनी दिसते: तटाच्या आतली हिरवी घळ, पलीकडे टेकड्या. भिंतीवरचं आणि सज्ज्यातलं एकामागोमाग बघायला हवं. चित्रकार १३४८ च्या प्लेगात गेला असं मानतात, म्हणजे वर काळा_पांढरा यांनी सांगितलेली ती अर्धवट भिंत आणि हे चित्र एकाच पिढीचं आहे.

शेजारच्या मोठ्या दालनात सिमोने मार्तिनीची १३१५ ची 'माएस्ता' आहे. दुच्चोची आधी बघून मग ही बघा. अवघ्या चार वर्षांचं अंतर, पण इथे कापडाचा मांडव वाऱ्यावर हलेल असा वाटतो.

---

कोरडी_भाकर

जेवणाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून.

शाकाहारींसाठी 'पीची' हा भरवशाचा पदार्थ. हाताने वळलेल्या जाडजूड शेवया, पीठ आणि पाण्याच्या, बहुतेक ठिकाणी अंड्याविना. 'आल्योने' म्हणजे टोमॅटो-लसूण, 'काचो ए पेपे' म्हणजे चीज-मिरी. दोन्ही चालतात. 'ब्रिचोले' म्हणजे तळलेल्या पावाच्या चुऱ्याच्या पीचीमध्ये कधी आच्चूगे ही मासळी असते, विचारून घ्या. 'रागू' आणि 'चिंग्याले' दिसलं की मांस, दुसरं म्हणजे रानडुक्कर. 'क्रोस्तिनी तोस्कानी' फसवे आहेत. पावावर तपकिरी चटणीसारखं दिसतं ते कोंबडीचं काळीज असतं. 'रिबोल्लिता' हे पाव-भाजीचं दाट सूप सहसा बिनमांसाचं, पण त्यात डुकराचं मांस किंवा मांसाचा रस नाही ना ते विचारा: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने?' पेकोरीनो चीजमध्ये दूध गोठवायला वापरलेलं प्राणिज रेनेट असतं, ते ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं.

टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो. तो बिघडलेला नाही. रस्सा किंवा चीजबरोबर खायचा असतो, नुसता नाही.

'पानफोर्ते' हा सिएनाचा मसालेदार सुकामेव्याचा चपटा केक मधाचा आणि बदामाचा, आठवडे टिकतो, न्यायला उत्तम. 'रिच्चारेल्ली' बदामाच्या पिठाचे, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो.

जेवणाच्या वेळा कडक आहेत. दुपारी साडेबारा ते अडीच, संध्याकाळी साडेसातनंतर. साडेतीनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी रक्कम येते, ती बसण्याची आणि पावाची, फसवणूक नाही. कॉफी उभ्याने प्यायलात तर एक दर, टेबलाशी बसलात तर दुसरा. काम्पोच्या काठावर बसून कॉफी घ्यायची असेल तर हा फरक मोठा असतो. पण ज्येष्ठ सोबत आहेत, सावलीत तासभर बसून चौक बघणं त्या पैशात मिळतं. मला तो व्यवहार योग्य वाटतो.

---

सोंडेवरून

सगळं जुळवून एक क्रम सुचवतो. २८ ला रापिदा बसने वर उतरा, सामान ठेवा, बांकी दी सोप्राने तिठ्यावर, मग कोस्तारेल्लातून काम्पो. आत काही बघू नका, नुसते बसा. जेवण. दुपारच्या उन्हात पालात्सो पुब्लिको, जाड भिंतींमुळे आत बरं वाटतं. संध्याकाळी वीआ दी स्तालोरेजी आणि कोपऱ्यांवरच्या पाट्या. दिवसापुरते आलेले लोक सहानंतर बसने निघून जातात. पालिओच्या दिवसांत गल्ल्यांत गर्दी राहते, पण ती गावकऱ्यांची. म्हणूनच एक रात्र राहायचा तुमचा बेत बरोबर आहे.

२९ ला सकाळी फाच्चातोने, दुओमो, संग्रहालय. तेवढ्यात चौकात त्रात्ता चालू असेल, आरडाओरडा ऐकू येईल. जायचं असेल तर दुओमो दुपारी ठेवा.

फोंतेब्रांदा हा जुना पाणवठा बघायचा असेल तर वरून उतरून जा आणि वर यायला सांता कातेरीनाचे सरकते जिने वापरा. १२४६ मध्ये बांधलेल्या तीन कमानींखाली पाण्याची टाकी आहे. ते पाणी शहराखालून 'बोत्तीनी' नावाच्या खोदलेल्या भुयारांतून येतं, एकूण २५ किलोमीटर. या शहराला नदी नाही. डोंगराच्या माथ्यावर बसलेल्या गावाने पाणी कसं मिळवलं, ते तिथे काठावर उभं राहिलं की दिसतं. बोत्तीनी आतून बघायला आधी नोंदणी करून मार्गदर्शकासोबतच जाता येतं आणि आत वाट अरुंद आहे, त्यामुळे ते तुमच्या या खेपेत नको.

पादत्राणं रबरी तळाची घ्या. गल्ल्यांमधली दगडी फरशी झिजून गुळगुळीत झालेली आहे आणि पावसात उतारावर पाय सरकतो.

---

चालती_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. बसने जाऊ, रात्र २९ ची करू आणि पहिला सराव फोंते गायाच्या बाजूने बघू. मनोरा दोघंच चढू. फरशीच्या यंदाच्या तारखा आजच बघते.